खालच्या पट्टीतल्या चिंध्या

८ मार्च

धाकट्या,

नाही, तुझी तांबडी मी विकलेली नाही. विकायची असती तर दोन वर्षं वाट बघितली असती का? खाते बैलासारखी, दूध देते मांजरापुरतं, पण आहे. तुझी उरलेली चारही गुरं माझ्याच गोठ्यात आहेत. तू विचारलं नाहीस, मला माहीत आहे. तू काहीच विचारत नाहीस. दोन वर्षांत एक कागद नाही. मीही नाही पाठवला, पण मी मोठी आहे.

गुडघा बरा आहे. गेल्या वर्षी कापला तेव्हा फेब्रुवारीपासून जूनपर्यंत खाटेवर होते. यंदा मी स्वतः चालत खालच्या पट्टीपर्यंत जाते आणि परत येते. डॉक्टर म्हणाला उतारावर जाऊ नका. त्याने कधी गुरं वळली आहेत का?

पत्र लिहायचं कारण असं की जूनमध्ये करार संपतोय. सहा वर्षं झाली बघ. ती कंपनी सगळं कुरण नांगरून टाकायला आली होती तेव्हा आपण बारा घरं आणि ते पक्षीवाले पहिल्यांदा एका खोलीत बसलो. तू त्यांना तोंडावर चष्मेवाले म्हणालास, आणि ते मनात आपल्याला काय म्हणत होते ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी सही झाली. जमीन कधी नांगरायची नाही, घरं बांधायची नाहीत, गुरं आपण चारायची, आणि मार्च ते जून खालच्या पट्टीत गुरांनी पाय ठेवायचा नाही, कारण मातकट्या पक्षी तिथं उघड्या जमिनीवर अंडी घालतो. आता पंधरा वर्षांसाठी पुन्हा सही व्हायची आहे. त्यांच्या वरच्या ऑफिसातले काही जण म्हणतात, गुरं आणि पक्षी एकत्र नांदत नाहीत, सरळ कुंपण घाला. यंदा पिल्लं नीट निघाली तर त्यांची तोंडं बंद. नाही निघाली तर आपली गुरं बाहेर, बाराच्या बारा घरांची.

पक्षीवाल्यांतली ती दुर्बीण बाई आपल्या बाजूने आहे. गळ्यातली दुर्बीण ती अंघोळीलाही काढत नसावी. आता सगळे तिला तोंडावर दुर्बीणच म्हणतात, ती हसते. वरच्या टेकडीवर त्यांनी गुरं बंद करून पाहिली होती ना, तिथं गवत कमरेएवढं माजलं आणि मातकट्या पळाला. त्याला लागतं खुरटं गवत, मध्येमध्ये झुपका. ती मला म्हणते, "ताई, तुमची गुरं म्हणजे आमच्या कात्र्या." मी म्हणाले, कात्रीला चारा घालावा लागत नाही.

यंदा ती घरट्यांजवळ कॅमेरे लावणार आहे, मातीच्या रंगाचे डबे. लावू दे. मी माझं काम आपल्या पद्धतीने करून ठेवलंय. पट्टीच्या कडेने सगळ्यांची गुरं पाण्यावर जातात, एखादं आत घुसतंच. म्हणून प्रत्येक घरट्यापाशी गुडघ्याएवढी काठी रोवली आणि वर पांढरी चिंधी. चिंधी दिसली की तिथं गुरं न्यायची नाहीत, हे आपल्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं. कुरणात दलदल असो, कोवळं गवत असो, आजोबांपासून चिंधीच. दुर्बिणीला सांगितलं नाही. ती म्हणणार, घरट्याजवळ जाऊ नका, वास लागतो, अमुक होतं, तमुक होतं. माझ्या चुलीतली राखसुद्धा तिच्याहून जास्त दिवस या कुरणात आहे.

तुझ्या बायकोला सांग, तिचा खलबत्त्यातला बत्ता माझ्याकडे राहिला आहे.

ताई


२७ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. गोदामात खोकी उचलणाऱ्या माणसाला वेळ कुठला.

चार घरटी रिकामी झाली. आधी दोन, मग आठवड्यात आणखी दोन. अकरा होती, आता सात. खुंटा सगळीकडे तोंड टाकत फिरतोय. चराई समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो चालत नाही, पाहणी करतो. परवा पाण्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या वर्षी धाकट्याची गुरं होती, म्हणून नऊ घरटी गेली. त्याला काढला आणि पुढच्या वर्षी सगळी पिल्लं निघाली. म्हणजे आपण बरोबर होतो. आता यंदाचा धाकटा कोण, तेवढं शोधायचं." लोक हसले. मी हसले नाही. गुरं वळवली आणि निघाले.

शोध मेंढीवाल्यावर येऊन थांबलाय. त्याच्या साठ मेंढ्या पट्टीच्या अगदी कडेने जातात. चौदा एप्रिलला सभा आहे, वरच्या ऑफिसचा साहेबही येणार आहे. नियम तुला पाठ असेलच: ज्याच्यामुळे घरटी गेली त्याचा चराईचा हक्क तीन वर्षं बंद. तीन वर्षं मेंढ्या कुठं नेणार तो? विकाव्या लागतील.

काल तो माझ्या अंगणात आला. बसला नाही. टोपी काढून हातात धरली, जशी काही मी कलेक्टर.

"ताई, सभेत तू हात वर नाही केलास तर कुणीच करणार नाही."

मी म्हणाले, "माझ्या सख्ख्या भावाच्या वेळी मी काय केलं ते पाहिलंस ना?"

"पाहिलं म्हणून तर आलो. भावाचीही गय केली नाहीस. म्हणजे तू खरं असेल तेच करशील. माझ्या मेंढ्या आत गेल्या नाहीत, ताई."

पाणी दिलं आणि घालवला.

आता मी एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. त्या दिवशी तुझी गुरं पट्टीत किती वेळ होती? सभेत तू म्हणालास अर्धा तास, कालवड व्यायला झाली होती म्हणून तू गोठ्यात अडकलास, तेवढ्यात बाकीची फाटकातून आत शिरली. खुंटा तेव्हा हसला होता. अर्ध्या तासात अकरा गुरं नऊ घरटी वेचून वेचून तुडवतील का, असं आता माझ्या मनात येतं. खुराखाली अंडं गेलं तर कवचाचा चुरा पडतो, माती चिकट होते, मुंग्या लागतात. यंदाची घरटी मी पाहिली. कोरडी. कुणी फडक्याने पुसून ठेवावीत तशी. त्या वर्षी कशी होती ते मला आठवत नाही.

गाय गाभण आहे, तुझी नव्हे, माझी.

ताई


५ एप्रिल

धाकट्या,

हे घाईत लिहिते आहे. वाचून तुला एक काम करायचं आहे. ते शेवटी सांगते. आधी ऐक, आणि मध्ये तोंड वाकडं करू नकोस.

काल दुर्बिणीने मला आणि खुंट्याला तिच्या गाडीपाशी बोलावलं. बॉनेटवर लॅपटॉप उघडला. "चोर सापडला," म्हणाली. खुंटा लगेच पुढे झाला, मेंढी दिसेल म्हणून.

कावळा.

मादी घरट्यावरून उठते, किडे टिपायला जाते. कावळा येतो. घरट्यावर येत नाही, धाकट्या. काठीवर येतो. चिंधीच्या गाठीवर पाय रोवून बसतो, मान तिरकी करून खाली बघतो, मग उतरतो. अंडं चोचीत धरून गेला. परत आला. दुसऱ्या डब्यात तोच प्रकार, तिसऱ्यातही तोच. आणि क्रम बघ कसा, पाणवठ्यापासून सुरुवात, मग उतार, मग कुंपण. रोज सकाळी मी जाते त्याच वाटेने. जणू मी पुढे चालले आहे आणि तो मागून.

दुर्बिणीने एक काठी उपटून आणली होती. म्हणाली, "डबे लावताना काठ्या दिसल्या होत्या मला. कुरणात जागोजाग चिंध्या असतात, म्हणून लक्ष दिलं नाही. घरट्यापाशी या कुणी बांधल्या?"

मी म्हणाले, "आली असेल वाऱ्याने."

"गाठ मारून?"

खुंट्याने काठी हातात घेतली. गाठ फिरवून फिरवून बघितली. तुला माहीत आहे ती गाठ, दोन वेढे आणि शेपूट आत. बाबांची. बाबांनंतर दोघंच मारतात तशी, तू आणि मी.

खुंटा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, ही तुमच्या घरची गाठ. धाकटा येऊन गेला का इकडे? डूख धरून बसलाय तो. कावळ्यांना घरटी दाखवायची, पिल्लं मरतील, करार मोडेल, म्हणजे सूड पुरा."

दुर्बीण माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. आणि त्यातून काय निघालं? "चहा गार होतोय."

पहाटे जाऊन उरलेल्या सातही घरट्यांच्या काठ्या मी उपटल्या, चुलीत घातल्या. आता कावळ्याला काही दिसणार नाही. तेवढं तरी मी निस्तरलं.

आता काम. तुझ्या गोदामाच्या मॅनेजरकडून हजेरीचा कागद घे, फेब्रुवारी आणि मार्च महिन्याचा, शिक्का मारून. एकही सुट्टी नाही असं त्यात दिसलं पाहिजे. चौदा तारखेच्या आत पाठव. तो कागद मी सभेत ठेवते, म्हणजे तू इथं नव्हतास हे सिद्ध होईल. मेंढीवालाही सुटेल, कारण कावळा सापडलाय. मग चिंध्या कुणी बांधल्या ते कुणाला कळणारच नाही, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही.

उशीर करू नकोस. नाटकं करू नकोस.

ताई


१५ एप्रिल

तुझं कार्ड तेरा तारखेला आलं. दोन वर्षांत पहिलं. दोन ओळी: "कागद पाठवणार नाही. गाठ कुणाची ते तुला माहीत आहे." खाली नमस्कारसुद्धा नाही. दिवसभर मी तुला शिव्या घातल्या. तांबडीला सगळ्या ऐकाव्या लागल्या.

सभा दूध केंद्राच्या खोलीत झाली. बाराही घरांतलं एकेक माणूस, दुर्बीण, आणि वरचा साहेब. साहेबाला प्लास्टिकची नवी खुर्ची, बाकीच्यांना बाक. पंखा फिरत होता आणि खुंट्याचे कागद उडत होते, म्हणून त्याने त्यावर दुधाचं माप ठेवलं होतं.

आधी कावळ्याची चित्रं दाखवली. मग खुंटा उठला. म्हणाला, मेंढीवाला निर्दोष आहे. मेंढीवाल्याने श्वास सोडला, तो मला तीन बाकांवरून ऐकू आला. मग म्हणाला, हे काम धाकट्याचं आहे, गाठीवरून कळतंच, आणि आता तीन वर्षं नाही, त्याचा हक्क कायमचा रद्द करायचा. त्या घराचा हक्क पुन्हा कधी द्यायचा नाही, त्याच्या पोरांनाही नाही.

धाकट्या, सगळ्यांना कसं हलकं वाटलं ते मी पाहिलं. जो खोलीत नाही त्याच्यावर ढकलायला काय लागतं? कुणाची मेंढी जात नाही, कुणाचं जनावर जात नाही. साहेब मान हलवत होता. मेंढीवालाही हलवत होता. तोसुद्धा.

खुंटा म्हणाला, "हात वर करा. ताई, नेहमीप्रमाणे तू पहिली."

मी हात केला नाही. सगळे थांबले. खरंच कुणी केला नाही, धाकट्या. अर्ध्यावर आलेले हात तसेच राहिले आणि मग डोकं खाजवायला गेले.

मी उठले. गुडघा वाजला. म्हणाले, "चिंध्या मी बांधल्या. यंदा मी आणि त्या वर्षीही मीच. गेल्या वर्षी मी खाटेवर होते, म्हणून पिल्लं जगली. धाकट्याला काढला म्हणून नव्हे."

खुंटा टेबलावरून वाकून हळूच म्हणाला, "ताई, बस खाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबाला नीट ऐकू गेलं नाहीये."

साहेबाने विचारलंच, "काय म्हणाल्या त्या?"

दुर्बीण उठली आणि तिने माझं बोलणं शब्दाशब्दाने पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीचा अहवाल माझा होता. गुरांनी तुडवली असं मी लिहिलं. एकाही घरट्यात कवच नव्हतं, माती कोरडी होती. मी पाहिलं होतं. पण आत गुरं दिसली आणि मी पुढचं बघितलंच नाही. तो अहवाल मी बदलून देणार आहे." साहेबाचं तोंड आंबलं. तोच अहवाल दाखवून त्यांच्यातले लोक कुंपण मागत होते.

मग मी म्हणाले, नियम लावा. खुंटा म्हणाला, "अगं, तू मुद्दाम थोडंच केलंस? तुझ्यावर कसा लावायचा?"

"भावावर लावलात तसा."

"त्याची गुरं आत होती."

"आणि माझ्या काठ्या."

कुणी हलेना. शेवटी मीच हात वर केला, पहिला. मग एकेक झाले. मेंढीवाल्याने सगळ्यांत शेवटी केला, आणि तोही कोपरापर्यंतच.

बाहेर पडताना खुंटा म्हणाला, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." मी म्हणाले, तू तुझं दुधाचं माप घे आणि घरी जा.

दुर्बीण गाडीपाशी उभी होती. म्हणाली, काठ्या उपटून नेताना तुमचीही चित्रं आली होती डब्यात. वाकलेली पाठ, हातात काठ्यांची मोळी. दहा दिवस तिच्याकडे होती ती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "सभेत तुम्ही उठला नसता तर बोलले असते." तिने मला गाडीतून घरी सोडलं.

तुझा हक्क मोकळा झालाय. तसं लिहून घेतलंय, सगळ्यांच्या सह्या आहेत, खुंट्याचीही.

ताई


९ मे

धाकट्या,

आधी कामाचं.

सातपैकी पाच घरट्यांतून पिल्लं निघाली. एकातली अंडी सापाने नेली, एक मादीने आपणहून सोडलं. दुर्बीण म्हणते, पाच म्हणजे चांगलं. करार झाला, पण पंधरा वर्षांचा नाही, पाचच वर्षांचा. साहेब म्हणाला, पुढचं पुढे बघू. खालच्या पट्टीत आता कुणीही काही बांधायचं नाही, कुरणातल्या माणसाने नाही आणि पक्षीवाल्यांनीही नाही. डबेसुद्धा लांब, मोठ्या दगडाआड. हे कलम दुर्बिणीने आणि मी बसून लिहिलं. ती लिहीत होती, मी खोडत होते. "सदर" हा शब्द तिने सात वेळा लिहिला होता, मी सहा वेळा काढला.

माझा हक्क तीन वर्षं बंद. माझी अठरा गुरं मला गोठ्यात बांधून पोसता येणार नाहीत. सहा मेंढीवाल्याच्या मेहुण्याने नेली, तो पलीकडच्या खोऱ्यात असतो, माणूस बरा आहे. उरली बारा. तुझ्या हक्कावर अकरा चरू शकतात आणि तुझी स्वतःची चार आहेत. म्हणजे तू आलास तर माझी सात तुझ्या नावाने चरतील. बाकीची विकेन. पण एक जूनपर्यंत तू स्वतः येऊन वहीत सही केली पाहिजेस. नाही केलीस तर तुझा हक्क समितीकडे जातो. मी तुझ्या वतीने सही करू शकत नाही. विचारलं मी. खुंटा म्हणाला, "तुमच्या घरच्या गाठी आम्ही आता नीट बघतो." हसला मेला. मीही हसले, काय करणार.

यायचं असेल तर ये. नसेल तर तसं कळव, मी गुरं विकायला मोकळी. घर झाडून ठेवलंय. तुमच्या खोलीच्या कवाडाची बिजागरी बदलली, जुनी कुजली होती. तुझ्या बायकोला जड कामं पडणार नाहीत, मी आहे अजून. पोरांची शाळा इथंही आहे.

आता तुझं दुसरं कार्ड.

बाकीचं मी वाचलं. गोदामात तुझी कंबर गेली, ते मला आधी कळवायचं होतंस. मालिशवाला नको, डॉक्टरला दाखव. तुझी बायको अजून माझ्यावर चिडलेली आहे, तिने चिडावं. माझ्या जागी ती असती तर मी तिच्या दारात गेले नसते.

शेवटी तू विचारलंस: "त्या वर्षीच्या काठ्या तू सभेच्या आधी उपटल्यास की नंतर?"

तुझं गणित मला कळतं, चौथीपर्यंत शाळा झाली असली तरी. नंतर उपटल्या असतील तर मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, मूर्ख बाई, एवढंच. आधी उपटल्या असतील तर मला माहीत होतं, आणि माहीत असून मी तुझ्याविरुद्ध पहिला हात वर केला.

सभेत हे कुणी विचारलं नाही. दुर्बिणीनेही नाही. ती विचारणार होती, गाडीत दोनदा तोंड उघडलं तिने. त्या वर्षी डबे नव्हते. पट्टीत मी एकटी होते.

एक जूनला ये, नाहीतर येऊ नकोस, पण हे पुन्हा विचारू नकोस. समोर बसून विचारलंस तरी नाही, तुझ्या बायकोने विचारलं तरी नाही, मी मरायला टेकले तरी नाही. मी सांगणार नाही.

ताई